सातव्या डावानंतरचा शॉर्टस्टॉप

बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप म्हणजे क्षेत्ररक्षणाचा कणा. म्हणून त्याची फलंदाजी बेताची असली तरी चालवून घेतात. 1968 च्या डेट्रॉइट टायगर्सच्या रे ऑयलरच्या बाबतीत मात्र हे जरा अतीच झालं होतं: मोसमात 215 प्रयत्नांत 29 हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं), सरासरी 0.135.

टायगर्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेला, पोचले तेव्हा व्यवस्थापक मेयो स्मिथकडे आउटफिल्डच्या (बेसच्या मागच्या मैदानातल्या लेफ्ट, सेंटर, राइट अशा) जागा तीन आणि खेळाडू चार होते: हॉर्टन, नॉर्थरप, स्टॅन्ली आणि दुखापतीतून परतलेला अल केलाइन. चौथ्याला नुसती बॅट देण्याची सोयही नव्हती. क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा डेझिग्नेटेड हिटर अमेरिकन लीगमध्ये 1973 साली आला. स्मिथने ऑयलरला बसवलं आणि मिकी स्टॅन्ली या अव्वल सेंटर फील्डरला शॉर्टस्टॉपला उभं केलं. मोसमात त्या जागी तो अवघे 9 सामने खेळला होता.

हा जुगार वाटतो, पण धावांत मांडून बघा. बाद होण्याऐवजी हिट मिळाला तर संघाचा सरासरी पाऊण धावेचा फायदा होतो. अडवण्याजोगा चेंडू निसटून हिट झाला तर तोटाही तेवढाच. सात सामन्यांत एकाच्या वाट्याला पंचवीसेक प्रयत्न येतात. त्यात ऑयलरचे हिट 3 ते 4, तर मोसमात 0.287 सरासरी असलेल्या केलाइनचे 7. म्हणजे जवळजवळ 3 धावांचा फरक, होमरन सोडून. शॉर्टस्टॉपकडे तेवढ्याच सामन्यांत तीसेक चेंडू जातात, पण बहुतेक सरळ अंगावर येणारे. ते कुठलाही चपळ खेळाडू उचलतो. कस लागतो तो मोजक्या कडेच्या चेंडूंवर. ऑयलरने अडवले असते असे चारेक चेंडू स्टॅन्लीने सोडले असते, तरच हा सौदा बरोबरीत सुटला असता.

स्टॅन्लीकडून चुका दोनच झाल्या. केलाइनने 29 प्रयत्नांत 11 हिट मारले. पाचव्या सामन्याच्या नऊपैकी सातव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना त्याच्याच हिटवर टायगर्स 4-3 असे पुढे गेले. सिरीजही त्यांनी 4-3 अशीच जिंकली. (सात सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. केलाइन अपयशी ठरला असता तरी हिशेब चुकीचा ठरला नसता.)

स्मिथची खरी हुशारी मला पुढे दिसते. उत्तरार्धात आघाडी मिळाली की ऑयलर शॉर्टस्टॉपला, स्टॅन्ली परत सेंटरला, नॉर्थरप लेफ्टला आणि हॉर्टन बाहेर. शेवटच्या दोन डावांत हॉर्टनची पाळी पुन्हा येईलच असं नाही. चेंडू मात्र येणारच.

हा बदल करण्याची वेळ नाजूक असते. क्रिकेटमध्ये बदली क्षेत्ररक्षक येऊन गेला तरी मूळ खेळाडू फलंदाजीला येतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला त्या सामन्यात परतत नाही. पाचव्याच डावात बदल केला आणि पुढे बरोबरी झाली, तर मोक्याच्या क्षणी बॅट 0.135 वाल्याच्या हाती येते. म्हणून आघाडी एक ते तीन धावांची हवी, डाव सातवा-आठवा हवा आणि ज्याला काढायचं त्याची पाळी नुकतीच होऊन गेलेली हवी.

उलट चूक 25 ऑक्टोबर 1986 ला झाली. बॉस्टन रेड सॉक्सने न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत, घोटे दुखत असलेल्या बिल बकनरऐवजी शेवटी डेव्ह स्टेपलटन पहिल्या बेसवर आला होता. सहाव्या सामन्यात दहाव्या डावात 5-3 आघाडी असूनही बकनरला ठेवलं, चेंडू त्याच्या पायांतून गेला आणि सामनाही गेला. तोवर मेट्सनी 5-5 बरोबरी केली होती, हे सांगायचं राहून जातं.

आज प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) 26 खेळाडू आणि त्यात जास्तीत जास्त 13 पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. उरलेल्या 13 पैकी 9 सुरुवात करतात, राखीव 4. त्यातला एक बदली कॅचर. तीनच जागांत धावणारा, ग्लोव्हवाला (पक्का क्षेत्ररक्षक) आणि फटकेबाज बसवायचा, म्हणून छोट्या मालिकेत काही संघ 12 च पिचर नेतात. शिवाय आता पाचांतली एकाहून जास्त पाळी स्ट्राइकआउटने, म्हणजे फटका न लागता बाद होऊन, संपते, आणि तो चेंडू क्षेत्ररक्षकाकडे जातच नाही. त्यामुळे भरपूर स्ट्राइकआउट काढणारा पिचर असेल त्या दिवशी शॉर्टस्टॉपला बॅट परवडते. जमिनीलगत फटके काढून घेणारा असेल त्या दिवशी पहिल्या डावापासून ग्लोव्हच हवा.