पार्श्वभूमी : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील प्रशिक्षकबदल आणि ‘निवृत्ती’ या शब्दाचा गुंता

१० जानेवारी २०२४ रोजी, बुधवारी दुपारी, टस्कलूसा येथे अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी खेळाडूंना बैठकीला बोलावले आणि आपण थांबत असल्याचे सांगितले. नऊ दिवसांपूर्वीच त्यांचा संघ उपांत्य सामन्यात जादा वेळेत हरला होता. दोन दिवसांनी त्यांच्या जागी सिअॅटलचे (वॉशिंग्टन विद्यापीठाचे) प्रशिक्षक आले, ज्यांनी त्याच आठवड्यात, ८ जानेवारीला, राष्ट्रीय अंतिम सामना खेळवला होता. सिअॅटलने आपली रिकामी जागा टुसॉनच्या (अॅरिझोना विद्यापीठाच्या) प्रशिक्षकाने भरली आणि टुसॉनने सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या. सहा दिवसांत चार संघांचे प्रमुख गेले, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षक गेल्यावर खेळाडूंना संघ बदलण्यासाठी ३० दिवसांची मुभा मिळत असल्याने या चारही ठिकाणच्या खेळाडूंपुढे राहायचे की जायचे हा प्रश्न ऐन सत्राच्या सुरुवातीला उभा राहिला.

सध्याच्या मुदतपूर्व निवृत्त्यांची चर्चा बहुधा याच दिवसापासून सुरू केली जाते, आणि कारण म्हणून खेळाडूंना मिळू लागलेल्या पैशाकडे बोट दाखवले जाते. अलाबामाच्या प्रशिक्षकांनीही नंतर अमेरिकी संसदेतील चर्चेत, ज्या गोष्टींवर आपण आयुष्यभर विश्वास ठेवला त्या आता या खेळात उरल्या नाहीत, अशी खंत मांडली. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही हे कारण अपुरे वाटते, कारण वयाची साठी गाठण्याआधी बाजूला होण्याची प्रथा या पैशापेक्षा पुष्कळ जुनी आहे. ऑक्टोबर १९५३ मध्ये साउथ बेंडचे (नोत्र दाम विद्यापीठाचे) प्रशिक्षक सामन्याच्या मध्यंतरात कोसळले आणि धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी अंतिम संस्काराची प्रार्थनाही केली. ते बचावले, परंतु काही महिन्यांत, वयाच्या ४५ व्या वर्षी, चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून ते पायउतार झाले. सलग ४७ विजयांचा विक्रम करणारे नॉर्मनचे (ओक्लाहोमा विद्यापीठाचे) प्रशिक्षक १९६४ साली वयाच्या ४७ व्या वर्षी हा पेशा सोडून अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. उलट टोकाचे उदाहरण अलाबामाचेच आहे : तेथील एका थोर प्रशिक्षकांनी ३२३ विजयांनंतर डिसेंबर १९८२ मध्ये शेवटचा सामना खेळवला आणि त्यानंतर महिनाभरातच त्यांचे निधन झाले. पुढच्या पिढीतल्या अनेकांच्या मनात ही आठवण घर करून राहिली.

मात्र खरा गुंता ‘निवृत्ती’ या शब्दातच आहे. आपल्याकडे स्वेच्छानिवृत्ती म्हटले की ठरलेले वय, त्याआधी दिलेला अर्ज आणि हाती पडणारी रक्कम असे चित्र डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत १९८६ च्या कायदादुरुस्तीनंतर बहुतेक नोकऱ्यांतून सक्तीच्या निवृत्तीचे वयच निघून गेले, त्यामुळे प्रशिक्षकाच्या बाबतीत मुदतपूर्व म्हणजे कोणत्या मुदतीच्या पूर्वी, याचे उत्तर केवळ त्याच्या करारात सापडते. विद्यापीठाने काढून टाकले तर उरलेल्या वर्षांचा बायआउट, म्हणजे करार मोडल्याची भरपाई, विद्यापीठाने द्यायचा. प्रशिक्षक राजीनामा देऊन दुसरीकडे गेला तर तो त्याने, म्हणजे व्यवहारात त्याच्या नव्या विद्यापीठाने, भरायचा. आणि तो निवृत्त झाला तर सहसा कोणी कोणाला काही देणे लागत नाही, मात्र ठरावीक काळात त्याने पुन्हा कोठे शिट्टी हाती घेतली तर ती निवृत्ती राजीनामा समजली जाईल अशी तरतूद अनेक करारांत असते. थोडक्यात, निरोपाच्या पत्रात कोणता शब्द लिहिला जातो यावर कोट्यवधी डॉलर कोणाच्या खिशातून जाणार हे ठरते.

या शब्दाची सर्वाधिक ओढाताण फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिलमध्ये झाली. ५ डिसेंबर २००९ रोजी तोवर अपराजित असलेला फ्लोरिडाचा संघ विभागीय अंतिम सामन्यात हरला, आणि त्यानंतर काही तासांतच ४५ वर्षांच्या प्रशिक्षकांना छातीतील वेदनांमुळे रुग्णालयात न्यावे लागले. २६ डिसेंबरला त्यांनी राजीनामा जाहीर केला. २७ डिसेंबरला तोच राजीनामा बेमुदत रजा झाला. १ जानेवारीचा सामना त्यांनी खेळवला, संघाने तो ५१–२४ असा जिंकला, आणि वसंतातील सरावाला ते परत हजर होते. पुढच्या डिसेंबरमध्ये ते खरोखर गेले. कारण म्हणून कुटुंबाला वेळ देण्याचे सांगितले गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये कोलंबस येथे ओहायोच्या संघाने त्यांना नेमले, २०१४ च्या हंगामात त्यांनी तेथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, मेंदूतील पुटीमुळे होणाऱ्या डोकेदुखीनंतर जानेवारी २०१९ मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी ते पुन्हा निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी व्यावसायिक संघाकडे रुजू झाले. त्यांचे आजारपण खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रुग्णालयातली ती रात्र खरीच होती. परंतु त्यांच्या शब्दावर विसंबून गेन्सव्हिलला आलेल्या मुलांना २००९ ते २०११ या काळात दुसरीकडे जायचे असते, तर तेव्हाच्या नियमानुसार एक संपूर्ण हंगाम न खेळता बाकावर बसावे लागले असते. त्या प्रकरणाच्या चर्चेत या बाजूला फारच कमी जागा मिळाली.

बसून राहण्याचा तो नियम एप्रिल २०२१ मध्ये एका संघबदलापुरता शिथिल झाला आणि तीन वर्षांनी जवळजवळ गेलाच. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली, आणि जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची परवानगी मिळाली. तुलनेसाठी, नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉलेज स्टेशन येथील (टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या) प्रशिक्षकांना काढताना एकट्या त्यांचे देणे सुमारे ७.६ कोटी डॉलर होते.

प्रशिक्षकांच्या धावपळीत खरी भर घातली ती वेळापत्रकाने. शालेय खेळाडू ज्या सह्यांनी स्वतःला एखाद्या विद्यापीठाशी बांधून घेतात, त्या पूर्वी फेब्रुवारीत होत असत. २०१७ पासून डिसेंबरमध्ये एक आधीचा टप्पा आला आणि २०२४ मध्ये तो आणखी आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सरकला. त्याच वर्षी बाद फेरीतील संघ चारांचे बारा झाले आणि हंगाम जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत लांबला. प्रशिक्षक बदलायचा असेल तर सह्यांपूर्वी बदलावा, ही निकड त्यातूनच आली. जून २०१७ मध्ये नॉर्मनचे प्रशिक्षक ५६ व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ३३ वर्षांच्या सहायकाकडे सूत्रे शांतपणे देता आली. आज अशा जूनची वाट पाहायला कोणी तयार नाही. २०२५ मध्ये तर सप्टेंबर–ऑक्टोबरमध्येच, निम्मा हंगाम बाकी असताना, मोठ्या संघांनी हकालपट्ट्या केल्या. त्यांत बॅटन रूजचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) प्रकरण पुन्हा शब्दावरच अडले : २६ ऑक्टोबरला जाहीरपणे काढलेल्या प्रशिक्षकांना रीतसर काढलेच नव्हते, असा पवित्रा विद्यापीठाने घेतल्याचे सांगत त्यांनी सुमारे ५.४ कोटी डॉलरसाठी न्यायालय गाठले.

त्यांची जागा भरली ती मिसिसिपीतील ऑक्सफर्डच्या प्रशिक्षकाने. त्यांच्या संघाने ११ सामने जिंकून एकच गमावला होता आणि बाद फेरीतील प्रवेश जवळजवळ नक्की होता. ते सामने खेळवूनच जाण्याची त्यांची इच्छा होती. विद्यापीठाने ती नाकारली आणि संघ बचावाच्या प्रशिक्षकाकडे सोपवला. ३० नोव्हेंबरला ते विमानाने बॅटन रूजला पोहोचले. शालेय खेळाडूंच्या सह्या ३ डिसेंबरला सुरू होणार होत्या.