डायनासोर म्हणजे मोठा सरडा? नाही हो!
नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात गेलं की कोणीतरी पोट्ट्यांना सांगतंच, "हा बघ, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मोठा सरडा". गैरसमज जुना आहे, नावातच आहे, रिचर्ड ओवेननी 1842 मध्ये डायनासोर हे नाव दिलं त्याचा अर्थच भयंकर सरडा. पण हाडं वेगळं सांगतात.

कवटी बघा. डायनासोरच्या डोळ्यामागे दोन भोकं असतात आणि खालच्या भोकाखाली हाडाची पूर्ण पट्टी. सरडा, पाल, घोरपड यांच्यात ती पट्टी तुटलेली असते, त्यामुळे जबडा जिथे अडकतो ते हाड मोकळं होऊन मागेपुढे हलतं. शिवाय बऱ्याच डायनासोरच्या नाकपुडी आणि डोळ्याच्या मधे अजून एक भोक असतं, ते सरड्यात नाही.

आता दात. डायनासोरचे दात मगरीसारखे हाडातल्या खोल खाचेत बसलेले. घोरपडीचे जबड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले, आणि आपल्या कुंपणावरच्या सरड्याचे मागचे दात तर थेट जबड्याच्या कडेवरच जोडलेले, खाच नाहीच. पण भाऊ, एकट्या दातावर निकाल देऊ नका, कारण समुद्रातला, आता नामशेष झालेला मोसासॉर खरंच घोरपडीच्या नात्यातला, तरी त्याचे दात खाचेत बसल्यासारखे दिसतात, तिथे कवटीच बघावी लागते.

आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला सापडलेली हाडं डायनासोरचीच, आणि डायनासोरचे आजचे जिवंत वारस म्हणजे पक्षी, तुमच्या गच्चीवरची चिमणीसुद्धा.