पार्श्वभूमी: न सरकणाऱ्या गादीची गोष्ट

कंबर धरणं आणि पायात कळ उतरणं या तक्रारी फार जुन्या आहेत. मांडीच्या मागून पावलापर्यंत जाणाऱ्या दुखण्याला आयुर्वेदात ‘गृध्रसी’ असं नाव आहे आणि त्याची गणना वातविकारांत होते. युरोपातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या दुखण्याचं खापर कधी संधिवातावर, तर कधी नसेच्या सुजेवर फुटत असे.

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या दोन शल्यचिकित्सकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मज्जारज्जूच्या पोकळीतून ‘गाठ’ म्हणून काढलेले काही तुकडे प्रत्यक्षात मणक्यांमधल्या चकतीचे, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो तिचे होते, असं त्यांनी दाखवलं. त्यांच्या शीर्षकात चकती ‘फाटण्याचा’ उल्लेख होता. ती ‘सरकली’ असं त्यांनी म्हटलं नव्हतं. लोकांच्या तोंडी मात्र ‘स्लिप डिस्क’ बसलं आणि मराठीत ‘गादी सरकली’ रुळलं.

हा शब्द महागात पडला. चकती वरच्या आणि खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. बाहेरचं कडं कमकुवत झालं की आतला मऊ गर फुगतो किंवा बाहेर येतो. पुष्कळदा हा बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. पण ‘सरकली’ असं ऐकलेला माणूस वाकायलाही घाबरतो. ‘मणक्यात गॅप आला’ हे तर त्याहून अजब, कारण झिजलेल्या चकतीच्या जागी अंतर वाढत नाही, उलट कमी होतं! रिपोर्टमधल्या ‘बल्ज’ (फुगवटा) या शब्दानेही असाच घोटाळा होतो. रेडिओलॉजीच्या आजच्या परिभाषेत नुसता बल्ज म्हणजे हर्निएशन, म्हणजे चकतीचा भाग एका ठिकाणी हद्दीबाहेर येणं, नव्हे.

एमआरआयने ही भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. १९९४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीत फुगवटा होता आणि सगळ्या चकत्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. म्हणजे फुगवटा दिसला म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच, असं नाही.

अंथरुणाला खिळवण्याचा सल्लाही याच भीतीवर पोसला गेला. १९८६ च्या एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच उपयोगी ठरली आणि कामावरचे खाडे कमी झाले. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या चाचणीत झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. तरी ‘महिनाभर पडून राहा’ हा सल्ला पुढेही बराच काळ ऐकू येत राहिला.

पुढे औषधांचीही झाडाझडती झाली. २०१४ च्या मोठ्या चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलने बरं होण्याचा काळ कमी झाला नाही. २०२३ च्या अखेरीस जागतिक पातळीवर जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांना त्यांत जागा मिळाली, तर कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) सरसकट न देण्याच्या यादीत गेले. या सूचना कर्करोग, संसर्ग, अस्थिभंग अशा ठरावीक कारणाने होणाऱ्या कंबरदुखीसाठी नाहीत. आणि लघवीवरचा ताबा सुटला, जांघेभोवती बधिरता आली किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर ती तातडीची बाब असते, तिथे थांबून चालत नाही.