मेडिकल जर्नलला पेपर पाठवताय? आधी तारखा जुळवा

नागपुरात मेडिकल, मेयो, हिंगणा रोडवरची कॉलेजं आणि आता मिहानमधलं एम्स, एवढ्या ठिकाणी दरवर्षी रेसिडेंटचे, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरांचे, थिसिस तयार होतात. परीक्षा उरकली की गाइड म्हणतात, "याचा पेपर काढून टाक." मग घाईघाईने पेपर जातो आणि थोड्याच दिवसांत परत येतो. पहिला संशय इंग्रजीवर जातो. खरं तर तो पेपर अजून कोणा तज्ज्ञाने वाचलेलाही नसतो. संपादकीय कार्यालयात कोणीतरी नुसती कागदपत्रं तपासली, एक कागद नव्हता किंवा दोन तारखा जुळेनात, म्हणून फाइल परत. त्यामुळे इथे लिखाणापेक्षा कागदांवर जास्त लिहितोय.

पात्रतेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात अडण्यासारखं काही नाही. जर्नल डिग्री विचारत नाही. इंटर्न, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन योजनेत काम केलेला एमबीबीएसचा विद्यार्थी, धंतोलीत स्वतःचं क्लिनिक चालवणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कोणीही पेपर पाठवू शकतं. विचारतात ते एवढंच, की काम परवानगीने झालं का आणि ज्यांची नावं आहेत त्यांनी ते खरंच केलं का.

इथिक्स कमिटीचं पत्र

माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देते ती ही कमिटी. सगळ्यात जास्त पेपर इथे अडतात. पत्र असतं, पण त्यावरची तारीख अभ्यास सुरू झाल्यानंतरची असते. तुम्ही पेपरात लिहिता की रुग्ण जानेवारीपासून घेतले आणि पत्रावर तारीख मार्चची. संपादक दुसरं काही बघतच नाही. कमिटीची मीटिंग लांबली, मेंबर सेक्रेटरी रजेवर होते, कोरम झाला नाही, ही कारणं खरी असली तरी जर्नलच्या उपयोगाची नाहीत. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: मंजुरी आधी, काम नंतर. मागच्या तारखेची मंजुरी कोणी देत नाही, आणि कोणी द्यायला तयार झालंच तर घेऊ नका.

दुसरा घोळ शीर्षकाचा. सिनॉप्सिस (थिसिसचा सुरुवातीचा आराखडा) विद्यापीठात गेला तेव्हा एक शीर्षक होतं, थिसिस बांधताना ते थोडं बदललं, पेपरात तिसरंच आलं. थिसिसमधला एक भाग घेऊन पेपर केला तर काही बिघडत नाही, पण हा पेपर त्या मंजूर प्रकल्पातूनच आला आहे हे एका ओळीत लिहा आणि मंजुरीचा क्रमांक जसाच्या तसा द्या. पत्र मिळालं की तिथेच उभं राहून बघा: जावक क्रमांक आहे का, तारीख आहे का, सही आहे का, शिक्का वाचता येतो का, कमिटीचा नोंदणी क्रमांक छापला आहे का. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये शिक्क्याचा निळा डाग तेवढा उरतो, आणि दोन वर्षांनी मूळ प्रत शोधायला गेलं की क्लार्कची बदली झालेली असते. मूळ पत्र त्याच दिवशी रंगीत स्कॅन करून स्वतःच्या मेलवर टाका.

"आम्ही तर नुसत्या जुन्या केसपेपरवरून माहिती काढली, त्याला कसली मंजुरी?" हा प्रश्न हमखास येतो. त्यालाही लागते. रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट कमिटीने लेखी द्यायची असते. आपली आपणच द्यायची नसते. खासगी प्रॅक्टिसमध्ये असाल आणि तुमच्या हॉस्पिटलला कमिटी नसेल, तर जवळच्या एखाद्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीकडे काम सुरू करण्याआधी विचारा. काम झाल्यावर गेलात तर ते हात वर करतील, आणि बरोबरच करतील.

सीटीआरआय नोंदणी: इथली तारीख फार जण चुकीची वाचतात

तुमच्या अभ्यासात रुग्णांना कुठलाही उपचार ठरवून दिला असेल, मग ते औषध असो, व्यायाम असो, योग असो किंवा भूल देण्याची वेगळी पद्धत, तर तो ट्रायल आहे. थिसिसच्या नावात ट्रायल हा शब्द नसला तरी आहे. त्याची नोंदणी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या ऑनलाइन रजिस्ट्रीवर, पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. २००७ साली ही रजिस्ट्री सुरू झाली तेव्हा उशिरा आलेल्यांनाही घेत असत. १ एप्रिल २०१८पासून ते बंद झालं. आता पहिला रुग्ण घेऊन झाला असेल तर रजिस्ट्री अर्जच घेत नाही, आणि नोंदणी नसलेला ट्रायल चांगलं जर्नल घेत नाही. या कात्रीत सापडलेला थिसिस परीक्षेला चालतो, पेपर म्हणून जवळपास संपतो.

आता चूक कुठे होते ते बघा. रेसिडेंट अर्ज भरतो, सबमिटचं बटण दाबतो, पोचपावतीचा नंबर येतो आणि त्याला वाटतं झाली नोंदणी. दुसऱ्या दिवशी वॉर्डात पहिला रुग्ण घेतो. पण अर्ज अजून तपासणीत असतो. शंका येतात, इथिक्सचं पत्र नीट दिसत नाही म्हणून परत मागतात, सॅम्पल साइजचं स्पष्टीकरण विचारतात. सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा कायमचा क्रमांक हातात येतो ती नोंदणीची तारीख. त्याआधीचा सगळा काळ वाट बघण्याचा. मेलबॉक्स रोज बघा, शंकेला उत्तर दिलं नाही तर अर्ज तसाच पडून राहतो आणि कोणी फोन करून आठवण देत नाही.

रुग्णाची संमती: जो कागद कोणाकडेच नसतो

केस रिपोर्ट पाठवणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही आहे म्हणजे छापायला संमती आहे असं नाही. ती वेगळी लागते, लेखी लागते, आणि रुग्णाला "तुमची माहिती आणि फोटो डॉक्टरांच्या मासिकात आणि इंटरनेटवर येतील, नाव येणार नाही, पण ओळख शंभर टक्के लपेलच असं नाही" हे त्याच्या भाषेत सांगून घ्यावी लागते. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, ही जुनी समजूत आहे. आंतरराष्ट्रीय संपादकांच्या समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, ती अपुरी ठरवलेली आहे.

आपल्याकडची अडचण वेगळीच. रुग्ण गडचिरोलीचा, बालाघाटचा नाहीतर छिंदवाड्याचा. डिस्चार्ज झाला, गावी गेला. केस दुर्मीळ होती हे आपल्या लक्षात येतं तीन महिन्यांनी, कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावल्यावर. केसपेपरवरचा नंबर शेजाऱ्याचा असतो आणि तो उचलत नाही. म्हणून वॉर्डात राउंडला "हे वेगळं दिसतंय" असं कोणी म्हणालं की त्याच दिवशी फॉर्म भरून घ्या, छापायचं नंतर ठरवा. मराठी आणि हिंदी दोन्ही फॉर्म विभागात ठेवा. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण वाचता येणारा आणि तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार हवा. तुमचाच इंटर्न साक्षीदार नको. मे महिन्यात उष्माघाताचा बेशुद्ध रुग्ण आला आणि नातेवाइकाने सही केली, तर शुद्धीवर आल्यावर रुग्णाची स्वतःची सही घ्या. काही जर्नलना त्यांचाच छापील फॉर्म लागतो, तेव्हा जर्नल आधी ठरलं असेल तर तो उतरवून ठेवा. रुग्णाची सही असलेला कागद जर्नलला मागितल्याशिवाय पाठवू नका, कारण त्यावर त्याचं नाव असतं.

लेखक कोण, आणि कोण नाही

आयसीएमजेईच्या चार अटी आहेत आणि चारही पाळाव्या लागतात: कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात ठोस वाटा; मजकूर लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात सहभाग; शेवटच्या मसुद्याला मान्यता; आणि उद्या प्रश्न उठला तर उत्तर देण्याची तयारी. विभागप्रमुख असणं ही यातली अट नाही. हे मी लिहिलं म्हणून एचओडी सरांचं नाव वगळायची हिंमत पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. निदान एवढं करा, सरांना मसुदा खरोखर वाचायला द्या आणि त्यांचे शेरे घ्या. एआयचं नाव लेखक म्हणून देता येत नाही. वापरलं असेल तर कशासाठी ते लिहून टाका, आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर) उघडून बघा. अस्तित्वात नसलेले संदर्भ सापडले की संपादकाचा उरलेल्या पेपरवरचाही विश्वास उडतो.

नावं आणि क्रम पाठवण्याआधी ठरवा. नंतर एक नाव घालायचं तर सगळ्यांच्या सहीचं पत्र लागतं. तोपर्यंत एक जण चंद्रपूरला रुजू झालेला असतो, एक डीएम या पुढच्या डिग्रीच्या तयारीसाठी दिल्लीला, आणि गाइडची बदली यवतमाळला. बदली झाली तरी पत्ता काम जिथे झालं तिथलाच द्यायचा, आताची नोकरी तळटीपेत. पत्रव्यवहारासाठी कॉलेजचा मेल देऊ नका, कोर्स संपला की तो बंद पडतो. हितसंबंधांचा फॉर्म प्रत्येक लेखकाने वेगळा भरायचा असतो, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

फाइली

हे सोपं आहे. टायटल पेज, कव्हर लेटर, सारांश, मुख्य मजकूर, तक्ते, चित्रं. ओर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) फुकट मिळतो, काढून ठेवा. अभ्यासाच्या प्रकाराप्रमाणे चेकलिस्ट भरा: ट्रायलला कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, केस रिपोर्टला केअर. तक्त्यातली बेरीज आणि मजकुरातली संख्या एकदा कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरने पी व्हॅल्यू ०.००० दाखवली तरी तशी लिहायची नाही, ०.००१पेक्षा कमी असं लिहायचं.

एकच जागा फसवी आहे. लेखकांची नावं लपवून पेपर तपासणारी जर्नलं नाव नसलेली प्रत मागतात. आपण पहिल्या पानावरून नावं काढतो, आणि पद्धतीच्या भागात "नागपुरातील अमुक हॉस्पिटलच्या ओपीडीत" तसंच राहतं. आभारात गाइडचं नाव राहतं. एक्स-रेच्या कोपऱ्यात हॉस्पिटलचं नाव, रुग्णाचं नाव आणि वय तिन्ही छापलेली असतात. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत ज्याच्या लॅपटॉपवर टाइप केलं त्याचं नाव असतं. हे सगळं पुसा. एक्स-रे कापताना डावी-उजवी बाजू दाखवणारं अक्षर मात्र जाऊ देऊ नका.

कुठे पाठवायचं आणि पाठवल्यावर

प्रमोशनसाठी पेपर हवा असेल तर एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) त्या वेळी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. २०१५मध्ये एमसीआयच्या, म्हणजे एनएमसीच्या आधीच्या परिषदेच्या, मान्य सूचींच्या यादीत इंडेक्स कोपर्निकस ही जर्नलांची सूची होती, नंतरच्या यादीतून ती गेली. तरी आजही जर्नलच्या मुखपृष्ठावर तिचं नाव मिरवलेलं बघून लोक पैसे भरतात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक म्हणजे दर्जा नाही, गुगल स्कॉलरवर दिसणं म्हणजे इंडेक्सिंग (मान्य सूचीत समावेश) नाही. जर्नल स्कोपस या सूचीत आहे म्हणतं, तर स्कोपसच्या यादीत जाऊन बघा, आणि तिथलं कव्हरेज थांबलेलं तर नाही ना हेही बघा. "आदरणीय प्राध्यापक, चार दिवसांत प्रकाशन" असा मेल रेसिडेंटला आला असेल तर तो सरळ उडवा.

एका वेळी एकच जर्नल. टेक्निकल चेकमधून फाइल लेखकाकडे परत आली म्हणजे पेपर नाकारला असं नाही. त्रुटी दुरुस्त करून त्याच ठिकाणी पुन्हा चढवायची असते. हे न कळल्यामुळे लोक तोच पेपर दुसरीकडे पाठवतात आणि दोन्हीकडे अडकतात. खरंच दुसरीकडे न्यायचा असेल तर आधी लेखी मागे घ्या आणि मागे घेतल्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.

रिव्हिजनची, म्हणजे तज्ज्ञांनी सुचवलेले बदल करून पाठवायची, मुदत मेल आल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो उघडल्यापासून नाही. मुदत टळली की पोर्टल दार बंद करतं आणि तोच पेपर नवा म्हणून रांगेच्या शेवटी जातो. वेळ पुरणार नसेल तर मुदतीच्या आधी दोन ओळींचा मेल करून वाढवून मागा, बहुतेक संपादक देतात. आणि मायनर रिव्हिजनचा (किरकोळ बदल सुचवणारा) मेल दाखवून आस्थापना विभागात प्रमोशनसाठी अर्ज करू नका. तिथे स्वीकृतीचं पत्रसुद्धा दरवेळी चालत नाही, छापून आलेल्या पानाची प्रत मागतात.