अचलीकृत एंझाइम नॅनोउत्प्रेरक
अचलीकृत एंझाइम नॅनोउत्प्रेरक : नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) मापाच्या आधारकणांवर एंझाइम (सजीवांतील विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) बांधून तयार केलेले, विक्रियेनंतर वेगळे काढून पुन्हा वापरता येणारे उत्प्रेरक. मोकळे एंझाइम पाण्यात विरघळत असल्याने परत मिळवणे अवघड जाते आणि बहुधा एकाच वापरात वाया जाते. कोळशावर अधिशोषित झालेले (पृष्ठभागाला चिकटलेले) इन्व्हर्टेज हे साखरेचे विघटन करणारे एंझाइम कार्यक्षम राहते, हे १९१६ मध्येच दिसले होते. औद्योगिक वापर मात्र १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीने ॲमिनो आम्लांच्या उत्पादनासाठी सुरू केला.

कण जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ जास्त, म्हणून त्यावर अधिक एंझाइम बसते. परंतु इतके बारीक कण गाळून काढणे जिकिरीचे असते. त्यावर मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड हा सर्वांत सोयीचा उपाय ठरला आहे. लोहाच्या द्विसंयुजी व त्रिसंयुजी लवणांच्या विद्रावात अमोनिया घालून सुमारे १० ते २० नॅनोमीटरचे कण मिळवतात, त्यांवर सिलिकाचा थर देऊन ॲमिनो गट जोडतात आणि ग्लुटाराल्डिहाइड या सांधणाऱ्या रसायनाच्या साहाय्याने त्या गटांना एंझाइमातील लायसिन या ॲमिनो आम्लाशी सांधतात. हे कण अतिसमचुंबकीय असतात, म्हणजे चुंबक जवळ धरताच भांड्याच्या कडेला गोळा होतात आणि तो दूर केल्यावर, स्वतःचे चुंबकत्व न उरल्यामुळे, पुन्हा द्रवात पसरतात.

अशा कणांवरील लायपेज हे मेदावर क्रिया करणारे एंझाइम वापरून मेदाम्ले व अल्कोहॉल यांपासून एस्टर सौम्य तापमानाला बनवता येतात. पारंपरिक रीतीत सल्फ्यूरिक आम्ल लागते. ते शेवटी अल्कलीने उदासीन करावे लागते आणि लवणयुक्त सांडपाणी मागे उरते, ही तिची खरी किंमत.

पुनर्वापराचे दावे मात्र सावधपणे वाचावे लागतात. प्रत्येक फेरी विक्रिया पूर्ण होईपर्यंत चालवली, तर निम्मे एंझाइम निकामी झाले तरी उत्पादिताचे प्रमाण पूर्वीइतकेच दिसू शकते. म्हणून प्रारंभिक वेग मोजणे आणि कण काढून घेतलेल्या द्रवात विक्रिया पुढे चालते का, हे पाहणे आवश्यक असते. द्रवात विक्रिया चालू राहिली, तर एंझाइम कणांवरून सुटत आहे. आधारकण बनवताना खर्च झालेली रसायनेही हिशोबात धरली पाहिजेत, कारण ग्लुटाराल्डिहाइड स्वतःच विषारी आहे. आधारद्रव्य पूर्णपणे टाळण्यासाठी एंझाइमचेच रेणू अवक्षेपित करून (विद्रावातून घन रूपात बाहेर काढून) एकमेकांशी सांधण्याची रीत नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे रॉजर शेल्डन यांच्या गटाने विकसित केली, तिच्यातही सांधणीसाठी बहुधा हेच रसायन वापरतात.