मूळ डायल आणि रिडायल: जुनं घड्याळ घेताना

जुनी घड्याळं जमवायला लागलेला माणूस पहिल्यांदा फसतो तो इथेच. समोर दोन सेको ५ ठेवलेली असतात. दोन्ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची, दोन्हींत 7009 हेच ऑटोमॅटिक मशीन. एकाची डायल फिकट पडलेली, कडेला डाग. दुसऱ्याची झगझगीत नारिंगी. हात साहजिकच नारिंगीकडे जातो. पण डाग पडलेली डायल कारखान्यातून आली तीच आहे. नारिंगीवरची जुनी छपाई काढून तिच्यावर नवा रंग आणि नवी अक्षरं चढवलेली आहेत. हेच रिडायल. आपल्याकडून अशी घड्याळं इतकी बाहेर गेली की परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात.

भिंग घेऊन आधी सहाच्या आकड्याखाली पाहा. त्या काळच्या सेकोवर डायलच्या अगदी काठाला बारीक अक्षरांत क्रमांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले चार आकडे मशीनचे असतात. रिडायलमध्ये ही ओळ बहुतेक वेळा नसतेच, असली तर अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसतात. मग मिनिटांच्या रेघा पाहा. मूळ छपाईत त्या तासांच्या खुणांशी नीट जुळतात, हाताने केलेल्या कामात केसभर सरकतात. अंधारात चमकणारे ठिपकेही बोलके असतात: जुन्या घड्याळांत चमकण्यासाठी वापरत त्या किरणोत्सारी ट्रिटियमचा जोर साधारण 12 वर्षांत निम्मा होतो. तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे म्हणून दाखवलेले ठिपके आजही लख्ख उजळत असतील, तर ते नंतर भरलेले आहेत.

मागचं झाकणही वाचावं. तिथेही सुरुवातीला 7009 हवं. शिवाय सहा अंकी क्रमांक असतो. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही इंग्रजी अक्षरं. मात्र झाकण खरं म्हणून डायल खरी ठरत नाही. जुन्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, रंगवलेली डायल सर्रास बसवतात.

रिडायल म्हणजे फसवणूकच, असं मात्र मी मानत नाही. डायल खराब झाली की ती रंगवून घेणं ही पूर्वी साधी दुरुस्ती होती. आजोबांनी रंगवून घेतलेलं एचएमटी जनता घरात असेल तर ते तसंच जपावं, पुन्हा 'मूळ रूपात' आणायच्या फंदात पडू नये. चूक आहे ती रिडायल मूळ म्हणून विकण्यात, आणि आपण त्याला मूळची किंमत मोजण्यात.

संग्रहात नवी-जुनी दोन्ही घड्याळं ठेवायची असतील तर निवड सोपी होते. भडक रंग हवा, पाण्यात हात घालायचा आहे, तर आजचं सेको ५ स्पोर्ट्स घ्या, त्यातली बरीच मॉडेल्स 100 मीटरपर्यंत पाणीरोधक आहेत. जुन्यासाठी राखलेले पैसे मात्र डाग पडलेल्या मूळ डायलवरच घाला. विकणाऱ्याकडे झाकण उघडून मशीनचा फोटो मागा, आणि डायलचा एक फोटो सहाच्या आकड्याजवळून, काचेवर चकाकी न येता.