बंद कानातला बास

कानात खोल बसणारे इअरफोन कानाच्या पडद्याच्या जवळ असतात, म्हणून ते कानाला जास्त घातक, असं हमखास ऐकायला मिळतं. पटण्यासारखं वाटतं, पण ते खरं नाही. कानाला इजा होते ती पडद्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजाच्या पातळीमुळे आणि तो किती वेळ पोचत राहतो त्यामुळे. तो किती अंतरावरून निघाला, याने काही बिघडत नाही. उलट कानाची नळी घट्ट बंद करणारा इअरफोन गाणं हळू आवाजात ऐकण्याची सोय करतो.

धावत्या गाडीत ८० डेसिबल गोंगाट आहे असं धरा. उघड्या कानाने त्यात गाणं स्पष्ट ऐकायचं तर माणूस आवाज सहज ९० पर्यंत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० मात्र फक्त ४ तास. इअरफोनच्या टोकावरच्या मऊ टोपीने, म्हणजे टिपने, घट्ट बसून गोंगाट २५ डेसिबलने अडवला, तर तो ५५ वर येतो आणि गाण्याला ७० पुरतात. ९० वरून ७० म्हणजे कानात शिरणारी ऊर्जा शंभर पटीने कमी. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हे शंभर पट फार मोलाचे आहेत.

पण या घट्टपणाचा खरा चमत्कार बासमध्ये, म्हणजे खालच्या, जाड सुरांमध्ये आहे. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक चिमुकली पोकळी बंद होते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, आणि ही पोकळी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर लांब. एवढ्या जागेत लाट मावतच नाही. तिथे सगळ्या हवेचा दाब एकदमच चढतो आणि एकदमच उतरतो. सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या रेटला की जे होतं, तेच इथे सेकंदाला शंभर वेळा होत असतं.

किती रेटावं लागतं ते काढून पाहू. श्रवणयंत्रांच्या चाचणीत कानाच्या जागी २ घन सेंटीमीटरची पोकळी वापरतात, तीच घेऊ. ९४ डेसिबलचा आवाज हवा असं धरू. ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल दाब, आणि वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल. म्हणजे दाब फक्त एक लाखांशाने हलवायचा आहे. हवा इतक्या झटपट दाबली जाते की उष्णतेला निसटायला फारसा वेळ मिळत नाही, म्हणून पोकळीचा एक लाखांश घेऊन त्याला १.४ ने भागायचं. उत्तर येतं ०.०१४ घन मिलिमीटर, एवढीच हवा दाबायची. इअरफोनमधल्या पडद्याचं क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर असेल, तर त्याने सरकायचं अंतर ०.०००२८ मिलिमीटर. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी! शिवाय बंद पोकळीत ५० हर्ट्झलाही जवळपास तेवढंच सरकणं पुरतं. मोकळ्या हवेत मात्र वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. एवढासा इअरफोन मृदंगाचा घुमारा कानात कसा उभा करतो, याचं गुपित हे आहे.

आता टिपच्या कडेला बारीकशी फट राहू द्या. दाब सावकाश बदलत असेल तर हवेला त्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. झपाट्याने बदलत असेल तर मिळत नाही. म्हणून फट पडली की आधी बास जातो आणि वरचे सूर तसेच राहतात. इअरफोन पातळ, पत्र्यासारखा वाजतो अशी तक्रार असेल, तर तो वाजत असताना बोटाने हलकेच आत दाबून पाहा. बास एकदम भरून आला, तर दोष टिपच्या मापाचा आहे. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागणंही अगदी स्वाभाविक आहे. नवा इअरफोन शंभर तास वाजवून 'मुरवला' की बास खुलतो, हा सल्ला फार पसरलेला आहे. कृपया त्यात वेळ घालवू नका. योग्य टिपने जो फरक पडतो, त्यापुढे मुरवण्याचा परिणाम नगण्य असतो.

स्पंजाच्या टिप चिमटून कानात घातल्या की हळूहळू फुगून नळीचा आकार घेतात, म्हणून त्या बहुधा जास्त गोंगाट अडवतात. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्चने १९९१ मध्ये आणलेला ईआर-४ हा इअरफोन नळी घट्ट बंद करण्याच्या याच वाटेने गेला. नॉइज कॅन्सलिंगचं तंत्र वेगळं: उलट्या दाबाची लाट सोडून गोंगाट खोडायचा. ते साधारण १००० हर्ट्झच्या खालच्या घरघरीवर छान चालतं. त्याच्या वर तरंगलांबी आखूड होत जाते आणि लाटेशी लाट जुळवणं अवघड होतं. तिथलं काम पुन्हा टिपलाच करावं लागतं.

कान बंद केल्यावर स्वतःचा आवाज घुमतो, पावलं धपधप वाजतात, चावणं कर्कश वाटतं. कारण तीच पोकळी. जबड्याची आणि कवटीची कंपनं नळीच्या भिंतींमधून आतल्या हवेत उतरतात. उघड्या कानात त्यातला खालच्या सुरांचा भाग बाहेर निघून जातो, बंद कानात तो अडकतो. टिप नळीच्या हाडाच्या भागापर्यंत खोल गेली तर हा घुमारा कमी होतो, कारण कंपनं मुख्यतः बाहेरच्या कूर्चेच्या भागातून येतात. वायर कपड्यांवर घासल्याची खरखर मात्र वायरमधून थेट वर चढते. वायर कानामागून वळवून घेतली की ती बरीच कमी होते.

बाहेरचा आवाज अडवण्याच्या गुणामुळेच रस्त्यावर हे इअरफोन धोक्याचे ठरतात. मोकळ्या जागेत आवाज २० डेसिबलने कमी होणं म्हणजे तो दहा पट लांबून येणं. ५ मीटरवरचा हॉर्न ५० मीटरवरचा वाटतो, तोही गाणं बंद असताना. एकच कान मोकळा ठेवून पूर्ण भागत नाही, कारण आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या वेळेच्या आणि पातळीच्या फरकावरून ठरवतो.